गलबतावरचा नांगर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून समुद्र तसा लांब नाही, पण मध्ये घाट आडवा. आमची भातशेती, होडीत बसलेलं माणूस घरात एकही नाही. सागरी इतिहासाच्या संग्रहालयात इंटर्नशिप मिळतेय म्हटल्यावर बाबा म्हणाले, “समुद्रच बघायचा तर वेंगुर्ल्याला जाऊन ये की.”

मला तिथं नेलं ते मोडीनं, मराठीच्या जुन्या लिपीनं. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबईकडं होतं, त्यामुळं पणजोबांच्या जमिनीचे कागद मोडीत. ते वाचायला म्हणून शिकले होते. मुंबईच्या त्या संग्रहालयाला मोडी वाचणारे स्वयंसेवक हवे होते. दोन महिने घरी बसून स्कॅनवरून याद्या केल्या, बिनपैशाच्या. मग आठ आठवड्यांसाठी बोलावणं आलं. मानधन तेव्हाही नव्हतंच. डोंबिवलीचे मामा होते म्हणून जमलं.

कागदपत्रांत अडलं ते गावाच्या नावावर. जन्मदाखल्यात इंग्रजी ‘बेलगाम’, आधारवर ‘बेळगावी’. कॉलेजनं पत्र द्यायला तीन आठवडे लावले आणि त्यात तिसरंच स्पेलिंग. शेवटी मीच मेल लिहिला: नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, जिल्हा तोच आहे. ही तारीख शोधावी लागली नाही. १९५६ ला त्याच तारखेला बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं म्हणून त्या दिवशी आमच्याकडं काळा दिवस पाळतात.

पहिला आठवडा हात धुण्यात गेला म्हटलं तरी चालेल. सिनेमात दाखवतात तसे पांढरे हातमोजे जुन्या कागदाला नकोत, बोटांना कागद कळत नाही आणि कड फाटते. साबणानं धुतलेले, पुरते कोरडे हात. टेबलावर पेन नाही, फक्त पेन्सिल. रजिस्टरमध्ये चूक झाली तर खोडायचं नाही, एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख.

ती रेघ मला लवकरच मारावी लागली. एका पानाचा वरचा अर्धा भाग गेलेला. उरलेल्या ओळींत दोर, कुऱ्हाडी, शिडी २, नांगर ४. मोडीत शिरोरेघ आधी पानभर ओढतात आणि अक्षरं खाली लटकवतात, शब्द कुठं संपला ते आपणच ठरवायचं. मी ठरवलं आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं: शेतीची अवजारं.

दुपारी संग्रहालयातल्या मॅडमनी रजिस्टर बघितलं. “गलबतावर काय भात लावायचा होता का गं?”

शब्द ‘शिडी’ नव्हताच, ‘शीड’ होता. मोडी ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाही, आणि शेवटची वेलांटी शाईच्या डागाखाली असेल असं मीच धरून चालले होते. एकदा शिडी वाचली की नांगर शेतातलाच वाटणार. आमच्या घरात नांगर म्हणजे माळ्यावर पडलेला लाकडाचा, बैल विकल्यापासून धूळ खाणारा. समुद्रात टाकायचाही नांगरच, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हाताला आधी घरचा लागला.

त्यानंतर मॅडमनी मला मुद्दाम नौकांच्या प्रतिकृतींच्या दालनात उभं केलं, शाळेच्या सहली सांभाळायला. आंग्र्यांच्या आरमारातलं गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, मोठं असलं तर ३०० टनांपर्यंत. गलबत फार तर ७० टनांचं, पण ४०-५० वल्ह्यांचं. वारा पडला की हीच गलबतं गुराबाला दोरानं ओढत न्यायची. पोरांना हे फार आवडायचं. एकानं विचारलं, “म्हणजे टोइंग व्हॅन?” पुढं मी तोच शब्द वापरायला लागले. काचेवरच्या बोटांच्या खुणा पुसायचं कामही माझंच होतं, आणि ते सगळ्यात जास्त वेळ खायचं.

रात्रीच्या बसनं घरी आले. चहा पिता पिता बाबांना नांगराची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. थोडा वेळ माळ्याकडं बघत म्हणाले, “चार नांगर? मग गलबत मोठंच असणार.”