जुन्या ड्रमरचं 'चिक्'

प्रोग रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या तालांचं रॉक) बँडमध्ये बदली ड्रमर म्हणून गेलं की कोणीतरी ॲलन व्हाइटची गोष्ट ऐकवतंच. 1972 मध्ये अमेरिकेचा दौरा तोंडावर असताना ड्रमर बिल ब्रूफर्ड 'येस' हा बँड सोडून 'किंग क्रिमसन' या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि व्हाइटनं तीन दिवसांत अख्खा सेट बसवला. पुढे 2022 मध्ये वारेपर्यंत तो त्याच बँडमध्ये होता. मला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ मिळाला होता, त्यामुळे हा धीर होता की टोमणा, कळेना.

बँड पुण्यातला, चांगला मुरलेला. त्यांचा ड्रमर नोकरीसाठी जर्मनीला गेला. रेकॉर्डिंग ऐकून त्याचे सगळे फिल, म्हणजे मधल्या जागा भरणारे ड्रमचे तुकडे, मी कागदावर उतरवून नेले होते. मी मूळचा तबल्याचा, म्हणून सात मात्रांचा तुकडा मला सोपा जाईल असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पण रूपक ताल तीन-दोन-दोन आणि ह्यांचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, दोन-दोन-तीन. हात सवयीनं उलटीकडे पळायचे. ते घासून घासून सुटलं.

रिहर्सलला अडलं भलतीकडेच. कीबोर्डचा सोलो संपला, गिटारनं पुढचा तुकडा उचलायला हवा होता, उचललाच नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. गिटारिस्ट म्हणाला, "काहीतरी नाहीये रे." बेसवाल्यानं जुनं रेकॉर्डिंग हेडफोनवर लावलं, मागे-पुढे केलं आणि सापडलं. सोलोच्या शेवटच्या मात्रेवर पायानं हाय-हॅट (झांजांची जोडी) मिटल्याचं एक 'चिक्'. मिक्समध्ये पार बुडालेलं. गिटारिस्ट वर्षानुवर्षं त्यावरच उचलत होता, मोजत नव्हताच!

जर्मनीला फोन लावला. तो म्हणाला, "चिक्? मी कुठे काय वाजवतो तिथं?"

मग मी नुसते किक आणि स्नेअर हे मूळ ठेक्याचे दोन ड्रम धरले. म्हटलं, पोकळ वाटेल तिथं थांबा. ज्या लांबलचक फिल्ससाठी मी रात्री जागवल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कोणी थांबलंच नाही. थांबले ते फुटकळ जागांवर: राइड या मोठ्या झांजेच्या बेलवरचा (मधल्या घुमटावरचा) एक ठोका, फ्लोअर टॉम या खालच्या ड्रमचा एक धपका. त्या जागा मी जशाच्या तशा ठेवल्या, बाकीचं माझ्या हातानं.

माइक मँजिनीचं मला म्हणूनच कौतुक. 'ड्रीम थिएटर' या प्रोग बँडनं 2010 मध्ये सात ड्रमर ऐकून त्याला निवडलं. पहिल्या अल्बमचे ड्रम्स गिटारिस्टनं आधीच प्रोग्राम करून ठेवलेले. लोक त्याच्या वेगाबद्दल बोलतात, पण दुसऱ्याच्या डोक्यातले ठोके स्वतःचे करणं जास्त अवघड. (2023 मध्ये त्यांचा जुना ड्रमर माइक पोर्टनॉय परतलाच. बदली माणसाच्या डोक्यावर ती तलवार असतेच.)

शोला पहिल्याच रांगेत एक जण हवेत ड्रम वाजवत होता. मी गाळलेला टॉम्सचा रोल त्यानं माझ्या साध्या बीटवर शेवटपर्यंत वाजवला. नंतर स्टेजमागे येऊन म्हणाला, "तो रोल खाल्लात तुम्ही."

म्हटलं, "हो, खाल्ला."