मे महिन्यात खळ्यात ४३ माणसं: फॅमिली फोटोची तयारी कुठवर आली

या मे महिन्यात गावी सगळे जमणारेत, आजी धरून चार पिढ्या, ४३ डोकी, आणि सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं काम माझ्याकडे आलंय. गाव गुहागर तालुक्यात, घर पूर्वेकडे तोंड केलेलं, पुढे जांभ्याचे चिरे बसवलेलं खळं, म्हणजे अंगण. कॅमेरा निकॉन डी ५६००, लेन्स ३५ एमएम. गेल्या वेळी फक्त जागा बघून आलो होतो, या वेळी लाईटचा पूर्ण अभ्यास झाला म्हणून सविस्तर लिहितोय, कारण उन्हाळ्यातल्या ग्रुप फोटोत माझ्या मते सगळ्यात आधी सावली ठरवायची असते, कपडे पोज वगैरे सगळं नंतर.

आमच्याकडे मेच्या १० तारखेच्या आसपास सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. म्हणजे दुपारी काढलेल्या फोटोत प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाची सावली ओठावर, आणि चष्मेवाल्यांचे तर डोळेच गायब. त्यामुळे "जेवणं झाली की लगेच काढून टाकू" ही सूचना मी पहिल्याच दिवशी ग्रुपवर प्रेमाने नाकारली. सकाळी ऊन समोरून थेट तोंडावर येतं, सगळे डोळे बारीक करतात. राहिली संध्याकाळ. घर पूर्वाभिमुख असल्याचा फायदा असा की दुपारनंतर घराचीच सावली खळ्यात उतरायला लागते, सूर्य घराच्या मागे आणि लोकांच्या समोर मोकळं पूर्वेचं आकाश, म्हणजे फुकटचा मोठ्ठा सॉफ्टबॉक्स (स्टुडिओतला मऊ उजेड देणारा दिवा). डोळ्यांत चमकही छान येते.

ही सावली नेमकी किती वाजता कुठवर येते ते बघायला एक अख्खी दुपार ओटीवर बसलो आणि दर अर्ध्या तासाने सावलीच्या कडेवर रांगोळीने रेघ मारली. साडेतीनची रेघ पायऱ्यांना लागूनच, नंतर रेघा झपाझप पुढे सरकतात, पाच वाजता जवळजवळ सगळं खळं सावलीत आणि सव्वापाचला तुळशीवृंदावनाच्याही पलीकडे. ॲपमधे सूर्याचा मार्ग दिसतो ते ठीक आहे पण घराचं कौलारू छप्पर आणि शेजारचा फणस ॲपला माहीत नसतो. गंमत म्हणजे माझ्या रेघा बघून काकू म्हणाली, "अरे मला विचारायचंस, खळ्यात वाळत घातलेली साठं आणि आमसुलं मी याच हिशोबाने सरकवते, चारला पायरीकडची ताटं उचलायची, पाचला वृंदावनाजवळची." तंतोतंत जुळलं. आता फोटोच्या दिवशी खळं किती वाजता मोकळं होणार हेही आपोआप ठरलं.

एक लक्षात ठेवा, मे महिन्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, आमच्या अक्षांशावर जवळपास २० अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. त्यामुळे साडेसहाच्या सुमारास घराच्या उत्तर बाजूने ऊन तिरकं आत घुसतं आणि कॅमेऱ्यातून बघताना रांगेतल्या उजव्या टोकाच्या माणसांच्या कानावर गालावर पट्टा पडतो. सूर्यास्त सातच्या आसपास, म्हणजे आमची खिडकी सव्वापाच ते सहा, त्यात सगळं बसवायचंय.

मांडवाचा निर्णय पण झाला. खळ्याच्या अर्ध्या भागावर झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) मांडव आहे. तसा तो कामाचा, वरचा उजेड अडवतो आणि समोरून लाईट येऊ देतो, पोर्ट्रेटला एकदम मस्त. पण पोफळीचे खांब बरोब्बर रांगेच्या मधे येतात, कुणाचा ना कुणाचा चेहरा खांबामागे जाणारच. काका म्हणाले पावसाआधी काढायचाच असतो, आठ दिवस आधी काढू.

आता जांभ्याबद्दल. बाबांना खळ्यात उभं करून टेस्ट शॉट काढले तर हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखाली लालसर छटा, खालच्या तांबड्या चिऱ्यांवरून उजेड उसळून येतो ना, तो. कपाळावर मात्र आकाशाचा निळसरपणा, म्हणजे एकाच चेहऱ्यावर दोन रंग, आणि व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातली रंगछटा सुधारायची सोय) एकच काहीतरी सुधारतं. मग पहिल्या रांगेच्या पुढे, फ्रेमच्या बाहेर, दोन पांढऱ्या डबल चादरी अंथरल्या, फरक लगेच दिसला, लाली गेली आणि डोळ्यांखालचा काळोखही उजळला. त्या दिवशी चार चादरी लागतील, आत्याला सांगून ठेवलंय.

रांगा अशा: लहान मुलं ९ खाली सतरंजीवर, खुर्च्या ९, त्यामागे १२ उभे, आणि शेवटचे १३ जोत्याच्या पायऱ्यांवर. ओटीवर १९८३ सालचा असाच ग्रुप फोटो आहे, त्यात खुर्च्यांवर सगळे पुरुष आणि बायका मागे अर्ध्या झाकलेल्या, माझ्या दोन आत्यांचे तर नुसते भांग दिसतात. या वेळी मधे आजी, तिच्या दोन्ही बाजूंना आत्या आणि काकवा, मग उरलेल्या खुर्च्या काकांना. यावर घरात थोडी चर्चा झाली पण मी ठाम आहे, आणि आजीला हे फार आवडलंय.

रुंदी साधारण ६ मीटर होते, म्हणून ३५ एमएमने १० मीटर मागे जावं लागतं. १८ एमएमने जवळून बसतील सगळे, पण टोकाची माणसं आडवी ताणली जातात, ते नको. एवढ्या अंतरावर एफ ५.६ ला (लेन्सचं छिद्र किती उघडं त्याचा आकडा, आकडा मोठा तर छिद्र लहान) चारही रांगा आरामात शार्प येतात, एफ ११ वर जाऊन आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायची गरज नाही. शटर १/२०० च्या खाली नेणार नाही, मुलं हलतातच. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि ट्रायपॉड बाकावर, लेन्स सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा थोडी वर, म्हणजे मागचे चेहरे दिसतात आणि छपरावरचं पांढरं आकाश फ्रेममधून जातं.

डोळे मिटण्याचा प्रश्न मोठा आहे. २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) याच विषयाला मिळालं होतं, ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना. २० पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, तेवढे फोटो काढा, असा त्यांचा नियम. पन्नासच्या घरात गेलं की सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक फोटो मिळण्याची आशा जवळपास सोडायची. म्हणून इंटरव्हल टायमर लावणार, दर दोन सेकंदाला एक असे ३० फोटो, म्हणजे मलाही रांगेत उभं राहता येईल, आणि ट्रायपॉड हलला नाही तर एका फ्रेममधले उघडे डोळे दुसऱ्यात बसवणं सोपं जातं.

कपड्यांचा मेसेज टाकलाय. युनिफॉर्म नको, सगळे आपापल्या आवडीचं घाला, फक्त मागे जोतं आणि भिंत जांभ्याची आहे तर तांबडा आणि मरून टाळा, निळा हिरवा मोतिया हळदी चालेल. बारीक चौकडीचे शर्ट नकोत, सेन्सरवर लाटालाटांची नक्षी उमटते. आणि आमरसाचं जेवण दुपारीच उरकायचं, मुलांचे हात तोंड धुऊन, शर्ट बदलून मगच खळ्यात.

क्रमही ठरलाय: साडेचारला चहा, पाचला खुर्च्या सोडून बाकीच्या रांगा उभ्या, आजी आणि मोठी मंडळी सगळ्यात शेवटी, त्यांना उगाच उकाड्यात ताटकळत ठेवायचं नाही. आधी मोठा ग्रुप, मग पाची भावंडं, मग आजी आणि पणतवंडं, मग एकेक घर. वळीव आलाच तर दुसऱ्या दिवशी तीच वेळ.

एकच गोष्ट अजून ठरत नाहीये. शेवटची रांग जोत्याला चिकटून, पुढच्यांपेक्षा जवळपास एक स्टॉप अंधारात येते, म्हणजे तिथे उजेड निम्माच. रॉ मधे (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) नंतर उजेड उचलता येईल, टेस्टमधे उचललं तर चांगलं दिसलं. पण बाजूला शिडीवर एक स्पीडलाईट (सुटा फ्लॅश) उजेड पसरवणाऱ्या छत्रीसकट लावून त्या रांगेलाच थोडा उजेड द्यावा का? १० मीटरवर रेडिओ ट्रिगर व्यवस्थित चालतो, पण इंटरव्हलला दर दोन सेकंदाला फ्लॅश रिसायकल (पुन्हा चार्ज) होईल का ही शंका आहे, एक अष्टमांश पॉवरवर व्हायला हवा. कुणी एवढ्या मोठ्या ग्रुपला असं केलं असेल तर सेटिंग जरूर सांगा, पुढच्या रविवारी परत टेस्ट घेतोय.