आणखी दोन अंश

"नॉक होत नाहीये ना? मग टायमिंग अजून दोन अंश पुढे घ्या की." टर्बो गाडी ट्यूनिंगला आणणारा जवळपास प्रत्येक जण हे म्हणतो, आणि मी नकार दिला की घाबरट ठरतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो. टायमिंग म्हणजे पिस्टन वर येताना स्पार्क किती आधी पडतो, ते क्रँकच्या अंशांत मोजतात; नॉक म्हणजे ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटणं.

नॉक होत नाही, हे तुम्ही ठरवता कशावरून? कानावरून, तेही मोकळ्या एक्झॉस्टच्या गाडीत बसून.

अशीच एक गाडी आली होती. ट्यून दुसरीकडचं, धूर निळा, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं. मालक छातीठोकपणे सांगत होता, कधीच आवाज आला नाही. तो खोटं बोलत नव्हता. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. हेड उतरवलं. पिस्टनच्या कडेची काजळी साफ उडालेली, खालचा धातू पॉलिश पेपरसारखा खरखरीत. पिस्टन बाहेर काढला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली लँड, म्हणजे मधली धातूची पट्टी, तुटलेली. बाकीचे तीन पिस्टन ठणठणीत. मग जुने लॉग, म्हणजे गाडी चालतानाच्या नोंदी, उघडले. वरचा गिअर, पूर्ण थ्रॉटल, ३,००० ते ३,५०० आरपीएम, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) नुकताच भरलेला: दर वेळी त्याच जागी ईसीयू (इंजिनचा संगणक) टायमिंग मागे खेचत होता, हळूहळू परत देत होता, पुन्हा खेचत होता. ६,००० ला सगळं स्वच्छ. "पण वरती तर मस्त पळायची हो," मालक पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. वरती पळणारच. स्पार्कपासून लांब, कडेला उरलेल्या मिश्रणाला तिथे आपोआप पेटायला वेळच मिळत नाही, त्याआधी ज्योत पोचते. ३,००० ला तोच वेळ दुप्पट असतो, आणि दाब भरपूर.

त्या दोन अंशांत ताकद नाही, असं मी म्हणणार नाही. टर्बो नसलेल्या, ऑक्टेन (इंधनाची नॉक टाळण्याची क्षमता) पुरेसं असलेल्या इंजिनात शेवटचे दोन अंश जवळपास काहीच देत नाहीत. टर्बोत मात्र साध्या पेट्रोलवर नॉक आधी आडवा येतो, त्यामुळे प्रत्येक अंशाला ताकद मिळते. तुमचा मोह खोटा नाही.

पूर्वी मीही म्हणायचो, नॉक सेन्सर आहे, तो सांभाळून घेईल. त्या मताशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. सेन्सरला कळतं ते नॉक होऊन गेल्यावर. पण कंपनीतून येणारी इंजिनंही त्याच्याच भरवशावर कड्यापाशी चालतात, हेही खरं. शिवाय फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन थंड असताना खडखडतात, तेही त्याला नॉक वाटतं. आणि टायमिंग फार मागे ठेवणं म्हणजे सुरक्षितता नव्हेच: एक्झॉस्टचं तापमान चढतं, टर्बाइन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतात. किती मागे म्हणजे पुरेसं, हे मी प्रत्येक गाडीला नव्याने ठरवतो, आणि दर वेळी मनात शंका उरते.

दोन अंश हवेच असतील तर जास्त ऑक्टेनचं इंधन आणा, टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा बसवा. ऑक्टेन स्वतः ताकद देत नाही, ते टायमिंगला जागा करून देतं. मग इंजिन आणि इंटेक चांगले तापल्यावर, वरच्या गिअरमध्ये, ३,००० पासून लागोपाठ पुल, म्हणजे पूर्ण थ्रॉटलच्या धावा, घेऊ. लॉग स्वच्छ आला तर मी स्वतःहून पुढे घेईन. थंड गाडीच्या एका पुलवर घेणार नाही.