अमळनेरच्या उन्हात गिटारची पारख

जानेवारीत घरपोच मागवलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार मे महिन्यात माझी बोटं ओरबाडू लागली. पारा ४४ च्या पुढे, गच्चीवर घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत कडक व्हाव्यात अशी हवा. नेकचं, म्हणजे लांब दांड्याचं, लाकूड सुकून आक्रसलं, त्यावरचे धातूचे फ्रेट (आडव्या पट्ट्या) होते तेवढेच राहिले आणि त्यांची टोकं कडेला बाहेर आली. विकणाऱ्याने हात झटकले. शेवटी गल्लीतल्या सुतारकाकांनी कानशीने ती घासून दिली. म्हणाले, "लाकूड वल्लं व्हतं भाऊ."

यंदा दुसरी घ्यायला जळगावला मुद्दाम मे महिन्यातच गेलो. खिशात १५ हजार. आधी नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवला. टोचली की बाजूला, आवाज ऐकायचाच नाही. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम तार दाबून सातव्या फ्रेटपाशी पाहिलं: व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. थोडं कमीजास्त असलं तर नेकच्या आतली ट्रस रॉड नावाची सळई फिरवून जमतं. पिळलेल्या नेकला मात्र इलाज नाही.

दुकानदाराने ॲम्प लावून लगेच डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) चढवलं. मी ते बंद करायला लावलं, कारण त्यात सगळे दोष झाकले जातात. आधी वायर न लावताच प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवली. झणझण कुठे येते, सूर कुठे लवकर मरतो, ते असंच कळतं. एका गिटारची तिसरी तार सुरात आणताना नटमध्ये (नेकच्या वरच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीत) अडकून 'टिंग' करत सुटायची. ती पुन्हा पुन्हा बेसूर होणार हे नक्की.

मग बारावा फ्रेट. तारेचा बरोबर मध्य तो. तिथला हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला, तर सॅडल (तारेचं खालचं टोक टेकतं तो तुकडा) स्क्रू ड्रायव्हरने मागे घ्यायचं, दहा मिनिटांचं काम. व्हॉल्यूमच्या खरखरीवरूनही मी गिटार नाकारली नाही, ती क्लीनरने जाते. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या, पिकअपची (तारेचं कंपन टिपणाऱ्या भागाची) गुणगुण तर असतेच. पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या नि चौथ्या जागी नेल्यावर, म्हणजे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र लागल्यावर, ती दबली, म्हणजे मधला पिकअप उलटा गुंडाळलेला होता. स्वस्तातल्या गिटारमध्ये एवढी काळजी घेतलेली पाहून मला फार बरं वाटलं.

तीच घेतली. घरी आल्यावर काकांनी कडेवरून अंगठा फिरवला, दोनदा. "हाई वाळेल (वाळलेलं) शे," म्हणाले.