पॉम्पेईजवळचं रोमन जेवण: कोपर सांभाळा, पाकीट त्याहून जास्त

इटलीतलं पॉम्पेई, ज्वालामुखीने गाडलेलं रोमन शहर. त्याचे अवशेष दिवसभर बघितले. सुंदर आहेत, पुढे चला. मला सांगायचंय ते संध्याकाळच्या जेवणाबद्दल. जाहिरात अशी: इ.स. 79 मधलं, व्हेसूव्हियस ज्वालामुखी फुटायच्या आधीचं जेवण, माणशी 70 युरो, शाकाहारींची सोय आहे. सोबत बायको आणि सासूबाई. सासूबाई शुद्ध शाकाहारी. केकमधलं अंडं तेवढं चालवून घेतात.

आधी बैठक. तीन बाजूंना तीन पलंग, एकेकावर तिघं. डाव्या कोपरावर रेलायचं आणि उजव्या हाताने खायचं. दहा मिनिटं राजेशाही वाटतं. मग हाताला मुंग्या, अर्ध्या तासाने मान धरते आणि जेवण अडीच तासांचं! सकाळी थर्मोपोलियम बघितलं होतं, दगडी ओट्यात मडकी बसवलेली खानावळ. तिथे खाऊन वाटेला लागणारे गरीबच सुखी असणार. पाठीचं दुखणं असेल तर सरळ खुर्ची मागा, लाजू नका. सैल पँट घाला.

टोमॅटो, बटाटा, मिरची काही नाही; ते सगळं अमेरिकेतून फार नंतर आलं. आठ फाकांचा गोल पाव मस्त. मसूर आणि चेस्टनटची आमटी आली तशी सासूबाई खुलल्या, "अहो, हिंग आहे यात!" खरंच होता. रोमन लोक तो इराणकडून आणवत.

मग पेअरचा गोड पदार्थ आला. मध, जिरं, अंडी, वर मिरपूड. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला. चमचा तोंडाशी असताना टोगा घातलेला वाढपी कौतुकाने म्हणाला, "यातही गारुम आहे बरं का!" गारुम म्हणजे मासे आणि त्यांची आतडी मिठात घालून उन्हात मुरवलेलं पाणी. आता त्याजागी चेतारा गावचा अँचोव्ही या छोट्या माशांचा अर्क वापरतात. आमटीत होता, गोडातही होता. चमचा हळूच खाली गेला. "शाकाहारींची सोय" म्हणजे मटणाचा तुकडा वाढत नाहीत, एवढंच. बुकिंग करतानाच "गारुम नको" असं लेखी घ्या. बिनधास्त खाण्यासारखा एकच पदार्थ: अक्रोड भरून मधात तळलेले खजूर.

बिल 210 ऐवजी 252 युरो. स्वागत म्हणून हातात दिलेली मधाची वाइन तीन पेले 24, पाणी 6, बसल्याचे माणशी 4. हिंदुस्थान दरवर्षी आपले 5 कोटी सेस्टर्सेस, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती. वसुली चालू आहे.

मासे खात असाल तर एकदा जाच, पण वाइनला हात लावण्याआधी भाव विचारा. शाकाहारींनी दुपारी पिझ्झा खावा आणि हॉटेलवर झोपावं.

परतीच्या लोकलमध्ये सासूबाई गप्प होत्या. नेपल्स आल्यावर एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला आधी वास आला नव्हता?"

आला होता.