एम-मॅपच्या तपासणीचा माझा अनुभव

अंधेरी पूर्वेच्या आमच्या कार्यालयात व्हिडिओ रेकॉर्डरसाठी लिनक्स तयार होते. ग्राहकाच्या सुरक्षा-तपासणीपूर्वी चिप पुरवठादाराचे ड्रायव्हर (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हार्डवेअर हाताळणारे भाग) वाचण्याचे काम माझ्याकडे आले. सुरुवात मी एम-मॅप (मेमरी आपल्या पत्त्यांशी जोडून द्या, ही प्रोग्रॅमची विनंती) हाताळणाऱ्या फंक्शनांपासून केली, कारण तिथे ड्रायव्हर भौतिक मेमरीची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे, इथे ४०९६ बाइटचे) थेट प्रोग्रॅमच्या हाती देतो आणि त्यानंतरच्या वाचन-लेखनात कर्नल मध्ये पडतच नाही. केसॅन हे मेमरीच्या चुका पकडणारे साधनही इथे गप्प राहते. ते फक्त कर्नलचे स्वतःचे व्यवहार पाहते.

फ्रेम बफरच्या (चित्राची चौकट साठवणाऱ्या मेमरीच्या) ड्रायव्हरमध्ये ऑफसेट (बफरच्या सुरुवातीपासूनचे अंतर) आणि मागितलेली लांबी यांची बेरीज बफरपेक्षा मोठी नाही ना, एवढेच पाहिले जात होते. ऑफसेट उणे ४०९६ आणि लांबी ८१९२ दिली, की ६४ बिटांच्या बिनचिन्ह आकड्यांची बेरीज मर्यादेपलीकडे जाऊन उलटते आणि ४०९६ उरते, तपासणी पार पडते आणि बफरच्या अलीकडचे पान मिळते. ऑफसेट आणखी मागे नेत आणि लांबी वाढवत गेल्यास कर्नलची स्वतःची मेमरीही त्यात येऊ शकते. २०१८ साली यूडीएल या यूएसबी-डिस्प्लेच्या ड्रायव्हरमध्ये सापडलेला दोष नेमका याच जातीचा होता. लिनक्स ४.१७ पासून अशा ऑफसेटला कर्नलच अटकाव करतो, पण आमच्या यंत्रात तो अटकाव नसलेला जुना ४.१४ होता.

“या खोक्यावर बाहेरचा माणूस लॉगिन करतोच कुठे?” असे एका सहकाऱ्याने विचारले. प्रश्न रास्त होता. मात्र वेब सर्व्हर त्याच यंत्रावर मर्यादित अधिकारांनी चालतो आणि डिव्हाइस फाइल (जिच्यातून प्रोग्रॅम ड्रायव्हरपर्यंत पोहोचतो) सर्वांसाठी वाचन-लेखनाला खुली होती; म्हणजे वेब सर्व्हरमध्ये शिरलेल्यालाही ती वापरता आली असती. २०१२ साली सॅमसंगच्या एक्झिनॉस फोनांत तर अशा खुल्या फाइलमुळे बेरीज उलटवण्याचीही गरज पडली नव्हती. मी लहानसा चाचणी-प्रोग्रॅम चालवून दाखवला, तेव्हा दुरुस्तीला मंजुरी मिळाली.

आता आधी ऑफसेट आकाराच्या आत आहे का हे पाहून, मग उरलेल्या जागेशी लांबीची तुलना होते. फाइलचे अधिकारही एका गटापुरते केले. खरी डोकेदुखी नोंदींच्या बफरची ठरली: तो फक्त वाचण्यासाठी दिला जात होता, पण फाइल वाचन-लेखनासाठी उघडलेली असली, तर प्रोग्रॅम एम-प्रोटेक्टने (मेमरीचे अधिकार बदलणाऱ्या विनंतीने) नंतर लेखनाची परवानगी मिळवू शकत होता. ड्रायव्हरने ‘पुढेही लिहिता येईल’ हा ध्वज काढलाच नव्हता. तो काढणारी ओळ पुरवठादाराने स्वीकारायला पहिल्या दुरुस्तीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला. तोवर आम्ही ती कोडच्या आमच्या वेगळ्या शाखेत ठेवून यंत्रे पाठवली.