सहावं अक्षर

आमच्या ऑफिसात नोव्हेंबरात दिवाळीचा फराळ डब्यातच मऊ पडतो. कारण ३० नोव्हेंबर. मागच्या आर्थिक वर्षाचं जे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी जो आपल्या देण्यातनं वजा होतो, घ्यायचं राहिलंय ते घ्यायची शेवटची तारीख, त्यानंतर ते पैसे गेले म्हणजे गेले. आणि ही ३० नुसती कागदावर बरं का, आमची खरी तारीख १४. त्या दिवशी २बी तयार होतो, म्हणजे सप्लायरांनी आपल्या नावावर चढवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, त्यात सप्लायरचं बिल दिसलं तर ऑक्टोबरच्या ३बीत, म्हणजे टॅक्स भरायच्या रिटर्नमध्ये, क्रेडिट घेता येतं, नाही दिसलं तर पुढचा २बी थेट डिसेंबरात आणि तोवर दार बंद.

मी कोल्हापुरात शाहूपुरीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे नऊ वर्षं काम करत होते तेव्हाची ही गोष्ट, २०२४ ची. तारीख १३ नोव्हेंबर, बुधवार. आदल्या दिवशी कार्तिकी एकादशी झालेली, संध्याकाळी आमच्या घरी तुळशीचं लग्न, सासूबाईंनी सकाळीच बजावलेलं की ऊस आणि चिंचा-आवळे येताना घेऊन ये आणि सातच्या आत ये. बाहेर विधानसभेचा प्रचार, दर दहा मिनिटांनी एक रिक्षा भोंगा लावून खिडकीखालून जायची.

त्या दिवशी माझ्याकडे शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपची फाइल होती. मालकांना सगळे आण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. फाउंड्र्यांकडनं कास्टिंग घ्यायचं, मशिनिंग करून पुढं कंपन्यांना द्यायचं, असा धंदा. अख्ख्या २०२३-२४ चं पर्चेस रजिस्टर टॅलीतनं एक्सेलला काढलं, बारा महिन्यांचे २बी एकाखाली एक चिकटवले आणि लावलं व्हीलुकअप. पहिल्या फटक्यात सत्तरेक बिलं मॅच होईनात, पण त्यानं घाबरायचं नसतं कारण त्यातली निम्मी खोटीच असतात. कुणी बिल नंबरच्या पुढं शून्य दिलेलं, कुणी स्पेस सोडलेली, आणि एक टूलवाला आहे तो महिना आणि सिरीयल असा नंबर देतो, म्हणजे ऑक्टोबरचं सातवं बिल १०/७, ते एक्सेलला गेलं की १०-जुलै होतं, आणि १०/४५ चं तर ऑक्टोबर-४५ होतं. हे सगळं साफ करत करत दुपारी बारापर्यंत यादी अकरा बिलांवर आली. सात किरकोळ होती, चार नव्हती.

चारही एकाच फाउंड्रीची, जानेवारी ते मार्च २०२४. २,३१,४०० चं एक, २,४८,७५० चं एक, २,१९,६०० आणि २,४६,७५०. मिळून ९,४६,५००, त्यावर १८ टक्क्यांनी टॅक्स १,७०,३७०. आण्णांनी पेमेंट टॅक्ससकट कधीच दिलेलं.

आता खरं सांगायचं तर ही चार बिलं मला नवीन नव्हती. माझ्याच पेंडिंगच्या शीटवर पिवळ्या रंगात होती. फाउंड्री छोटी, पाच कोटींच्या आतली, तिमाही रिटर्नवाली, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत दिसली नाहीत तेव्हा म्हणलं एप्रिलमध्ये येतील. एप्रिलमध्ये आली नाहीत तेव्हा फोन केला, तिथला पोरगा म्हणाला, ताई भरलंय आम्ही, तुमच्याकडंच बघा. मग ऑडिट, इन्कम टॅक्सची रिटर्नं, गणपती, आणि पिवळा रंग तसाच. २०१९ पर्यंत अशा बिलांचं आम्ही टेन्शनच घ्यायचो नाही, पुस्तकात आहे ना, घ्या क्रेडिट. त्या ऑक्टोबरपासनं सुरू झालं, न दिसणाऱ्या बिलांचं क्रेडिट दिसणाऱ्यांच्या २० टक्क्यांपर्यंतच घ्या, मग जानेवारी २०२० पासनं १०, २०२१ ला ५, आणि १ जानेवारी २०२२ पासनं शून्य. दिसलं तर घ्या नाहीतर गप्प बसा. म्हणजे दुसऱ्याच्या पोरानं नीट टायपिंग केलं तर तुमचे पैसे तुमचे.

पोर्टलवर त्या फाउंड्रीचा नंबर टाकून बघितलं तर जानेवारी-मार्चचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, वेळेत फाइल्ड. मग बिलं गेली कुठं? पोराला म्हणलं मला तुझ्या रिटर्नची पीडीएफ टाक व्हॉट्सॲपवर, आत्ता. टाकली त्यानं. बघते तर चारही बिलं आहेत की! नंबर तोच, तारीख तीच, रक्कम पैशापर्यंत तीच. मला दोन मिनिटं काही सुचेना, पोर्टलवरच संशय आला.

मग पट्टी घेतली, स्क्रीनला लावली आणि जीएसटी नंबर एकेक अक्षर वाचायला लागले. पंधरा अक्षरं असतात, पहिली दोन राज्याची, आपली २७, पुढची दहा पॅनची. आण्णांची पार्टनरशिप फर्म आहे, फर्मच्या पॅनमध्ये चौथं अक्षर एफ असतं, म्हणजे जीएसटी नंबरात सहावं. इथं सहावं अक्षर होतं पी. पी म्हणजे एकट्या माणसाचा पॅन. नंबर सर्चला टाकला आणि जे नाव आलं ते बघून पोटात गोळाच आला.

बापू. आण्णांचा सख्खा धाकटा भाऊ.

हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. दोघं आधी एकाच फर्ममध्ये पार्टनर, २०२१ मध्ये बापू बाहेर पडले, समोरच्याच गल्लीत शेड घेतली आणि वडिलांच्याच नावानं इंजिनिअर्स काढलं. आण्णांचं इंजिनिअरिंग वर्क्स, बापूंचं इंजिनिअर्स. तेव्हापासनं बोलणं बंद, लग्नाकार्यात पण एक मांडवाच्या या टोकाला तर दुसरा त्या टोकाला. फाउंड्री दोघांनाही माल देते. बिल छापील बुकावर हातानं लिहिलेलं, त्यावर नंबर आण्णांचाच, पण तिमाही संपल्यावर पोरानं कॉम्प्युटरवर चढवताना यादीतनं सारख्या दिसणाऱ्या नावांतलं वरचं उचललं. चार वेळा.

पोराला फोन केला तर तो रडायच्या बेतात. पाच फाउंड्र्यांचं काम संध्याकाळी बसून करतो, वय बावीस. म्हणलं रडू नकोस, आयएफएफ उघड. तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांत फक्त बिझनेसवाल्यांची बिलं चढवायची जी सोय असते ती, तिच्यात जुन्या बिलाची दुरुस्तीही करता येते, नंबर बदलता येतो. पण ती १३ तारखेपर्यंतच. रात्री बारा वाजले की पुढची आयएफएफ थेट डिसेंबरात. जीएसटीआर-१ए म्हणून दुरुस्तीचा एक नवीन प्रकार त्या वर्षी आला होता पण त्यात समोरच्याचा जीएसटी नंबर बदलताच येत नाही, तो विचार तिथंच सोडला.

पोरगा म्हणाला, ताई करतो, पण मालकांना विचारायला पाहिजे. मालक कुठायत? पंढरपूरला, कार्तिकीला.

मालक माळकरी माणूस. तिसऱ्या वेळी फोन लागला, मागं टाळ ऐकू येत होते. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, चूक आमची, मान्य. पण बापूंनी ते क्रेडिट घेतलं असंल तर? मी त्यांच्या खात्यातनं काढायचं आणि उद्या ते माझ्या दारात. दोघंबी माझं गिऱ्हाईक हायत. बापूंनी हो म्हणू दे, मग ओटीपी देतो." कायद्यानं बापूंची परवानगी लागत नव्हती, पण कायदा सांगून शिरोलीत कास्टिंग विकलं जात नाही हे मलाही कळतं.

बापूंचा अकाउंटंट माझ्या ओळखीचा निघाला. त्याला विचारलं, ही चार बिलं तुमच्या पर्चेसला आहेत का? तो म्हणाला बघतो. पाच मिनिटांनी फोन, पर्चेसला नाहीत पण क्रेडिट घेतलंय. त्याची पद्धत म्हणजे २बीत जे येईल ते जसंच्या तसं ३बीत, पुस्तकाशी जुळवायचंच नाही. असे लोक भरपूर आहेत. आता त्याला १,७०,३७० परत करायचे, वर १८ टक्क्यांनी व्याज कारण पैसे वापरून झालेले. एप्रिल ते नोव्हेंबर हिशेब घातला तर १७,९८० च्या आसपास.

साडेचारला मी ॲक्टिव्हा काढली आणि पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीला गेले. ऑफिसातले सर म्हणाले होते फोनवर मिटव, पण मला वाटलं हे फोनवर मिटणारं नाही. बरोबर चारही बिलांच्या झेरॉक्स आणि ई-वे बिलं, म्हणजे माल वाहतुकीचे कागद, त्यावर आण्णांचा जीएसटी नंबर, आण्णांच्या शेडचा पत्ता, गाडी नंबर सगळं.

बापू गेटवरच स्टुलावर बसलेले. सगळे कागद त्यांनी नीट बघितले, एकेक ई-वे बिल चष्मा काढून जवळ धरून. मग म्हणाले, "माल माझ्याकडं आला न्हाई हे खरं हाय. मला कुणाचं फुकटचं नको. पण व्याज मी का भरू?"

मी म्हणलं फाउंड्रीवाले...

"फाउंड्रीचं सोडा. त्याला सांगा, फोन कर म्हणावं मला. सोताच्या तोंडानं."

तिथनं आण्णांची शेड चालत तीन मिनिटं. आण्णा लेथच्या आवाजात ऐकत होते, मान खाली. आधी म्हणाले, "राहू दे, गेलं तर गेलं." एक लाख सत्तर हजार! मी म्हणलं आण्णा, ही रक्कम मी आठ महिने पिवळी करून ठेवली होती, एप्रिलमध्येच नंबर बघितला असता तर ही वेळ आली नसती, माझी चूक आहे. ते काहीच बोलले नाहीत. हात पुसले, ऑफिसच्या काचेच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं. मी बाहेर. काचेतनं दिसत होतं, फोन कानाला, उभेच होते, बसले नाहीत. चाळीस सेकंद असतील फार तर. बाहेर येऊन म्हणाले, "झालं. व्याजाचा चेक मी देतो त्याला. तुमचं काम करा."

साडेसहा. घरनं दोन मिसकॉल.

फाउंड्रीत गेले, पोराच्या शेजारी बसले आणि प्रत्येक बिलाचा जुना नंबर, जुनी तारीख, नवा जीएसटी नंबर मी वाचायचा, त्यानं टाइप करायचं, परत मी स्क्रीनवर पट्टी लावून वाचायचं. सहावं अक्षर दरवेळी मोठ्यांदा, एफ फॉर फॅन. चारही सेव्ह झाली. ओटीपी पाठवला तर मालकांचा फोन स्विच ऑफ. ईमेलवर पण जातो ओटीपी, पण तो ईमेल आधीच्या अकाउंटंटचा, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. सव्वाआठ, नऊ, पावणेदहा. पोराच्या आईनं डबा पाठवला त्यात आम्ही दोघं जेवलो, भडंग आणि पिठलं-भाकरी. घरी मंगलाष्टकं झाली असणार, ऊस नवऱ्यानं आणला असं कळलं, सासूबाईंचा निरोप काही नव्हता, म्हणजे राग होता.

दहा चाळीसला अनोळखी नंबरवरनं फोन. मालकच, दिंडीतल्या कुणाच्या तरी मोबाइलवरनं. बॅटरी संपली होती, एका टपरीवर चार्जिंगला लावलाय. टपरीवाल्याला बोलवा म्हणलं फोनवर. टपरीवाल्यानं आकडे वाचले, सहा आकडे, चहाचे ग्लास धुतल्याचा आवाज मागं. पहिल्यांदा चुकला कारण त्याआधीचा जुना ओटीपी वाचला. दुसऱ्यांदा दहा त्रेपन्नला फाइल झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पण न पिता आण्णांचा २बी उघडला. चारही ओळी होत्या. मोजल्या, परत मोजल्या. मतदान २० ला असल्यानं महाराष्ट्र आणि झारखंडसाठी ३बीची तारीख २१ केली होती, आम्ही तरी १९ लाच भरून टाकलं. बापूंच्या अकाउंटंटनं पण त्याच महिन्यात क्रेडिट परत केलं, व्याजासकट, आणि मला चलनाचा फोटो पाठवला.

आण्णांनी चेक काढला १७,९८० चा, बापूंच्या नावानं, शेडमधल्या पोराकडनं समोरच्या गल्लीत पाठवला. मी टॅलीत एंट्री केली. नोव्हेंबरअखेर बँक जुळवणी केली तर तो चेक वटलेला नव्हता. डिसेंबरअखेर पण नाही. जानेवारीत मी आण्णांना विचारलं, बापूंना आठवण करू का, चेक टाकायचा राहिलाय वाटतं. आण्णा म्हणाले, "राहिला न्हाई." फेब्रुवारीत तीन महिने पुरे झाले, चेक शिळा झाला, मी एंट्री उलटी मारली.